तीनास एक

सांगली, रविवार

प्रिय सुध्या,

चार महिने पत्र नाही, शिव्या घातल्या असशील. माझी शुगर ठीक, दाढ काढली. आता मुद्द्याचं.

मी आईची बीपीची गोळी बंद केली. कुणाला न विचारता, नऊ दिवस. हिला अजून सांगितलेलं नाही.

झालं असं, दिवाळीनंतर आईची आतड्याची दुर्बीण झाली. भिंतीला बारीक पिशव्या निघाल्या, डायव्हर्टिक्युलोसिस. आणि त्याच आठवड्यात माझ्या वाचनात 2019 चा एक अभ्यास आला. नाव ऐकून तू उडशील, मेंडेलियन रँडमायझेशन! आपला मटारवाला मेंडेल! काहींच्या जनुकांत जन्मतःच असा फरक असतो की त्यांचा रक्तदाब जरासा कमी राहतो, जणू बीपीच्या गोळीचा चिमूटभर डोस आयुष्यभर चालू आहे. आईबापांकडून कोणता तुकडा कुणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. एरवी गोळी खाणारे आधीच आजारी, त्यामुळे गोळीने काय झालं नि आजाराने काय, हे कळत नाही. इथे तो घोळ बराच टळतो. ब्रिटनच्या बायोबँकेत पाच लाख लोकांची माहिती आहे, तीही त्यांनी चाळली. कॅल्शियम चॅनेलवाल्या बीपीच्या गोळ्यांच्या रकान्यात डायव्हर्टिक्युलोसिस थोडं जास्त! आईची ॲम्लोडिपिन त्याच जातीची. मी टेबलावर हात आपटला.

त्याच रकान्यात हृदयविकार आणि पक्षाघात कमी, हेही लिहिलेलं होतं. ते मी वाचलं, पण वाचलं नाही. तुला कळेल. विलिंग्डन कॉलेजच्या प्रॅक्टिकलला तू वाटीभर मटार खाल्लेस, उरलेले मोजून गोल नि सुरकुतलेले तीनास एक येईनात, म्हणून आपण आकडे जुळवले. सुरकुतलेले दाणे तू गोल म्हणालास आणि मी लिहून घेतले. (खाल्ले मी नव्हते, हे चाळीस वर्षं सांगतोय.) मेंडेलचे 5474 गोल, 1850 सुरकुतलेले, संख्याशास्त्रज्ञ फिशरला 1936 मध्ये तेही जरा जास्तच नीट वाटले. तसाच मी. उत्तर आधी, मोजणी नंतर.

नवव्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालताना आई कठड्याला धरून उभी राहिली. मशीन लावलं, 186 वर 98. कफ सोडताना माझाच हात थरथरत होता. डॉक्टर चिडले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, त्या पिशव्या वयानुसार होतातच, बहुतेकांना पत्ताही नसतो; आणि जन्मभराचा बारीक फरक नि सत्तरीत सुरू केलेली गोळी एकच नव्हे. एवढं मला, बॉटनीवाल्याला, कळायला हवं होतं. आता 138 वर आहे.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिंगीच्या साखरपुड्याला दोघं येतोय, भडंग आणतो, यंदा तिखट कमी. घर रंगवलंस का?

आईला मी काहीच सांगितलं नाही. पण तिच्या स्टीलच्या डबीतून पांढरी गोळी नऊ दिवस गायब होती, ती काय आंधळी आहे? आता रोज सकाळी तळहातावर गोळ्या पसरते, माझ्याकडे बघत मोठ्याने मोजते, "एक, दोन, तीन," आणि मगच पाणी मागते.

तुझा,
बाळ्या