हातातल्या चेनसॉचा धोका टोकाला

महोदय,

बॅटरीवरच्या छोट्या चेनसॉला, म्हणजे साखळीच्या करवतीला, लोक खेळणे समजतात. साखळी जिच्याभोवती फिरते त्या ६ इंची पट्टीने ३-४ इंचांपर्यंतच्याच फांद्या कापाव्यात. वजनदार फांदी वरून एकदम कापली, की अर्ध्यात मोडून खोडाची साल सोलत नेते. म्हणून खोडापासून वीतभर अंतरावर आधी खालून पाव जाडीपर्यंत, मग किंचित पुढे, फांदीच्या टोकाकडे, वरून काप द्यावा. उरलेला खुंट फांदी खोडाला जुळते तिथल्या फुगवट्याबाहेर कापावा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की यंत्र उसळून थेट तोंडाकडे येते. एका हाताने चालवणे तर सोडाच! साखळी सैल असली की खाचेतून निसटते. ती ताणताना बॅटरी काढाच. अनेक यंत्रांत साखळीला तेल हाताने घालावे लागते, तेच विसरले जाते. कपच्यांऐवजी पीठ पडू लागले, तर धार गेली.

– एक माळी