मोहर्लीच्या गाइड ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

एप्रिलमधल्या त्या सकाळच्या ताडोबाच्या सफारीत तुम्ही आमच्या जिप्सीत होतात. परतल्यावर गेटवरच्या धांदलीत नीट बोलणं झालं नाही, म्हणून हे पत्र. नाव मुद्दामच लिहीत नाही. वाचलंत तर ओळखालच.

वाघ जवळ असल्याचा इशारा देणारा सांबराचा कॉल आला आणि बघता बघता रस्त्यावर पुढेमागे गाड्यांची रांग लागली. लोक सीटवर उभे राहिले. "अजून थोडी पुढे घ्या" हा एकच धोशा. वाघीण बांबूतून बाहेर आली, तर तिला रस्ता ओलांडायला जागाच नव्हती. ती पुढे यायची, थबकायची, परत आत वळायची. तेव्हा तुम्ही ड्रायव्हरदादांना म्हणालात, "गाडी मागं घ्या. तिले पाण्यावर जायचं हाय." आमच्याच गाडीतल्या काहींनी भरलेल्या पैशांचा हिशेब काढला. तुम्ही आवाज चढवला नाहीत आणि निर्णयही बदलला नाहीत. आपली गाडी सरकलेली पाहून मागच्याही सरकल्या, मधे फट पडली आणि ती निघून गेली.

चंद्रपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो. वाघाला पाण्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच आपण सगळे पाणवठ्यांभोवती जमतो, कारण तेव्हाच तो हमखास दिसतो. हे मला त्या फटीकडे बघताना पहिल्यांदा नीट समजलं.

सगळ्या गाड्या त्याच त्या रस्त्यांवर का, असं आईने विचारलं. कोअरचा, म्हणजे जंगलाच्या संरक्षित गाभ्याचा, जास्तीत जास्त 20 टक्के भागच पर्यटनाला खुला ठेवता येतो, बाकीचं जंगल प्राण्यांसाठी आहे, हे तुम्ही तिला शांतपणे समजावलंत. मग रांग सोडून गाडी दुसरीकडे वळवलीत. पानं गळालेला पांढऱ्या खोडाचा कुलू, मगरीच्या पाठीसारखी साल असलेला ऐन, रस्त्याकडेचे जुने दगडी खांब, ताडोबा तलावाच्या काठावरची मगर. 1955 सालापासून राष्ट्रीय उद्यान असलेल्या या जंगलात वाघापलीकडे किती काय आहे! कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे आईने प्रत्येक झाड डोळे भरून पाहिलं. गुडघे दुखत असूनही ती त्या दिवशी एकदाही कुरकुरली नाही.

मोहाचा विषय निघाला तेव्हा तुम्ही सांगितलंत की पहाटे फुलं वेचायला बाया एकट्यादुकट्या जात नाहीत, कारण वाघ बफरमधल्या, म्हणजे कोअरभोवतालच्या पट्ट्यातल्या, गावांच्या शिवारातही असतो. ज्या प्राण्याची भीती तुमच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येते, त्यालाच वाट मोकळी करून देण्यासाठी तुम्ही चार पाहुण्यांची नाराजी पत्करलीत. यासाठी तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू?

तुमच्या कामाबद्दल वनविभागालाही वेगळं पत्र पाठवलं आहे. ऑक्टोबरमध्ये गेट उघडल्यावर आईला पुन्हा यायचं आहे, हिरवं जंगल बघायला. जमलं तर तुमच्याच गाडीत.

तुमच्या,
पुण्याहून आलेल्या मायलेकी