डॉ. अर्विन यालोम यांस : मरणाविषयी बोलू दिल्याबद्दल

आदरणीय डॉ. यालोम यांस,
सादर नमस्कार.

मी नाशिकच्या एका कर्करोग रुग्णालयात बावीस वर्षे वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करीत आहे. आपण अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ आणि लेखक; आपली माझी भेट झालेली नाही आणि मराठीत लिहिलेले हे पत्र आपल्यापर्यंत पोचण्याचा संभवही थोडाच आहे. तरीही ज्यांचे ऋण आहे त्यांचे नाव घेऊन ते चारचौघांत मान्य करावे, असे फार दिवस मनात होते.

आमच्या वॉर्डात रुग्ण दाखल झाला की नातेवाईक मला बाजूला घेऊन जवळजवळ नेहमी एकच विनंती करतात : "पेशंटला काही सांगू नका." ही विनंती मायेपोटी असते, हे मला तेव्हाही कळत होते, आणि म्हणून सुरुवातीची दहाएक वर्षे मी ती निमूटपणे पाळली. रुग्णाने "मला नेमके काय झाले आहे?" असे विचारले, की मी जेवणाची, झोपेची, गावाकडच्या पावसाची चौकशी करून विषय बदलत असे. हळूहळू माझीच झोप उडाली. आईला जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते, आणि प्रत्येक खाटेजवळ उभे राहताना मला रुग्णाइतकीच स्वतःचीही भीती वाटू लागली होती.

त्या दिवसांत आपला १९८० सालचा अस्तित्ववादी मानसोपचारावरील ग्रंथ हाती आला. त्याच्या आरंभी आपण स्वयंपाकाच्या वर्गाची हकिकत दिली आहे : शिकवणाऱ्या आर्मेनियन बाईंच्या पदार्थाची चव आपल्याला काही केल्या साधेना, आणि मग लक्षात आले की भांडे भट्टीकडे नेता नेता त्यांची मदतनीस त्यात मसाल्याच्या मुठी टाकते, ज्यांचा कृतीत उल्लेखच नसतो. उपचारातही गुण येतो तो बहुधा अशा न लिहिलेल्या मुठींमुळे, असे आपले म्हणणे. माझी आई कुठल्याही पदार्थाचे प्रमाण सांगताना "अंदाजाने घाल" इतकेच म्हणायची, त्यामुळे मला हे समजावून घ्यावे लागले नाही. पुढे आपण मृत्यू, स्वातंत्र्य, एकाकीपण आणि अर्थहीनता अशा चार मूलभूत चिंता मांडता आणि माणसाच्या मनातील पुष्कळशी घालमेल बालपणीच्या दडपलेल्या इच्छांबरोबरच या चार गोष्टींना सामोरे जाण्यातून उपजते, असे सांगता. यातल्या पहिलीपाशी मी थांबले, कारण माझे सगळे काम तिच्याच दाराशी चालते.

सत्तरच्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात आपण शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या स्त्रियांचे गट चालवलेत. त्या बायका आपल्या मरणाविषयी उघडपणे बोलत, आणि बोलल्याने खचण्याऐवजी त्यांतील कित्येकींचे जगणे अधिक सकस झाले, क्षुल्लक कुरबुरी गळून पडल्या. परंतु याहून मोठा आधार मला आपल्या दुसऱ्या एका कबुलीचा वाटला : या कामामुळे आपल्या स्वतःच्याच मनात मृत्यूची भीती उसळली, आणि आपण मानसोपचारतज्ज्ञ रोलो मे यांच्याकडे उपचारासाठी गेलात. डॉक्टर झाल्यावर, मानसोपचाराचे शिक्षण घेत असतानाच्या काळात, ज्यांच्या १९५८ सालच्या ग्रंथाने आपल्याला ही वाट दाखवली, त्यांच्याचपुढे आपण रुग्ण म्हणून बसलात. एवढ्या मोठ्या माणसालाही भीती वाटली आणि त्याने ती लपवली नाही, हे वाचल्यावर मी प्रथमच एका समुपदेशक बाईंची वेळ घेतली. उपचार करणारा आणि घेणारा हे एकाच वाटेचे वाटसरू आहेत, हा आपला विचार मला तिथे, रुग्णाच्या खुर्चीत बसून पटला.

आपल्या आत्मकथनातील एक प्रसंग मी नव्या मुलींना प्रशिक्षणात नेहमी सांगते. वॉशिंग्टनमधल्या गरीब वस्तीत, रशियातून आलेल्या ज्यू आईवडिलांच्या किराणा दुकानाच्या वर आपले घर होते. एका रात्री वडिलांना हृदयविकाराचा झटका आला आणि भेदरलेल्या आईने त्याचा दोष शाळकरी वयाच्या आपल्यालाच दिला. मग डॉक्टर आले, त्यांनी आपल्या केसांतून हात फिरवला, स्टेथोस्कोप आपल्या कानाला लावून वडिलांच्या काळजाचे ठोके ऐकवले. त्या ठोक्यांनी आपल्याला वैद्यकाकडे नेले. घाबरलेल्या माणसाला दाराबाहेर ठेवू नये, त्याला आत घेऊन ऐकू द्यावे, हे मला आपल्या सिद्धांतांपेक्षा या प्रसंगातून अधिक स्पष्टपणे कळले.

एका आजींविषयी आपल्याला सांगायलाच हवे. त्यांच्या मुलांनीही नेहमीची अट घातली होती. आजींनी विचारले तेव्हा मी प्रथमच विषय बदलला नाही, "तुम्हाला स्वतःला काय वाटते?" असे विचारून खुर्ची ओढून बसले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मला सारे ठावे हाय बाई, पर पोरांना सांगू नगा, त्यांना सोसायचं नाही." दोन्ही बाजू एकमेकांना जपण्यासाठी एकाच गोष्टीवर पांघरूण घालीत होत्या. मग आपण रुग्णांना राहून गेलेल्या जगण्याविषयी जे विचारता, ते मी माझ्या साध्या शब्दांत विचारले. हक्कसोड पत्रावरील सहीवरून धाकट्या बहिणीशी त्यांचा अकरा वर्षे अबोला होता. मुलांशी बोलणे झाले, बहीण आली, आणि त्या दुपारी दोघींनी वाटणीचा शब्दही न काढता लहानपणच्या विहिरीच्या गोष्टी काढल्या. आजी अठरा दिवसांनी गेल्या.

आपले सगळेच मला पटते असे नाही. आपण परलोक मानत नाही. मी मानते, आणि माझे बहुतेक रुग्ण विठ्ठलाच्या भरवशावर डोळे मिटतात. आपण वर्णन केलेले एकाकीपणही आमच्या वॉर्डात वेगळे असते, कारण इथे माणूस खाटेभोवतीच्या सात नातलगांच्या गराड्यात एकटा पडतो. मात्र ज्या श्रद्धेने माणसाला आधार मिळतो ती काढून घेऊ नये, हेही आपणच लिहिले आहे, त्यामुळे आपल्या विचारांना धरून राहताना मला माझा देव सोडावा लागला नाही. आपण एकदा विपश्यनेसाठी आमच्या जवळच्या इगतपुरीला येऊन गेलात, हे वाचले तेव्हा मला उगीचच आपण पाहुणे म्हणून घरी येऊन गेल्यासारखे वाटले होते.

पत्नी मॅरिलिन यांच्यासोबत आपण एक पुस्तक लिहायला घेतलेत आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या गेल्यावर ते एकट्याने पुरे केलेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शोकाशी बोललेल्या माणसाला स्वतःचा शोक किती जड गेला, हे त्यात आपण आडपडदा न ठेवता लिहिले आहे. त्या पानांसाठी वेगळे आभार मानते. आईच्या साड्यांचे कपाट मी ती वाचल्यावरच उघडू शकले.

आमच्या रुग्णालयाच्या दाखल-फॉर्ममध्ये आता एक जादा प्रश्न आहे, जो रुग्णाला एकट्याने विचारला जातो : "आपल्या आजाराविषयी आपल्याला किती जाणून घ्यायचे आहे, आणि ते कोणासमोर सांगितलेले चालेल?" तो छापून घ्यायला मला तीन वर्षे लागली. बरेच रुग्ण उत्तर देण्याआधी खुर्चीकडे बोट दाखवून मला बसायला सांगतात.

आपली कृतज्ञ,
एक वैद्यकीय समाजसेविका, नाशिक