आकाराच्या केकची कृती छापताना खान्देशचा उन्हाळा विचारात घ्यावा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मुलांच्या वाढदिवसासाठी मोटार, फुलपाखरू, बाहुली अशा आकारांचे केक घरी कसे करावेत, याच्या कृती वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून वरचेवर प्रसिद्ध होतात आणि माझ्यासारख्या अनेक जणी त्यांची कात्रणे वहीत चिकटवून ठेवतात. या कृतींबद्दल माझी एक मनापासूनची तक्रार आहे. केकवर बटर क्रीमचा थर देऊन तो 'खोलीच्या तापमानाला' ठेवावा, असे त्यांत लिहिलेले असते. पण मे महिन्यात भुसावळात खोलीचे तापमान म्हणजे काय, याचा विचार कुठेही केलेला नसतो. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते आणि आमच्याकडे त्या दिवसांत बाहेर पारा ४४-४५ अंशांवर असतो. सूर्य मावळला तरी भिंतींची धग रात्री उशिरापर्यंत जात नाही.

माझ्या मुलाचा वाढदिवस आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मागेपुढे येतो. त्याचे आजोबा रेल्वेत होते, त्यामुळे चौथ्या वाढदिवसाला त्याला इंजिनाचाच केक हवा होता, आणि तोही चित्रातल्या धूर सोडणाऱ्या इंजिनाचा नव्हे, तर फाटकावर रोज दिसणाऱ्या लाल रंगाच्या विजेच्या इंजिनाचा. कात्रणात दिल्याप्रमाणे मी तो केला. पाहुणे येण्याच्या तासभर आधी वीज गेली. केक मांडल्यावर इंजिनाचा टप आधी एका बाजूला कलला आणि मग लाल क्रीमसह सावकाश घसरत ताटात आला. खिडक्यांच्या जागी लावलेली बिस्किटेही त्याच्याबरोबर खाली आली. मुलगा दोन्ही तळव्यांनी तो टप वर धरून ठेवायचा प्रयत्न करत होता. ते चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्यानंतरच्या वर्षी मी मुळापासून विचार केला. पहिली अडचण मापांची होती. कृतीत 'एक कप मैदा' लिहिलेला असतो. मापाचा कप २४० मिलिलिटरचा आणि आपला चहाचा कप बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे एका घरी केक फुगतो आणि दुसऱ्या घरी बसतो. मी सगळे वजनावर आणले: बिनअंड्याच्या एका केकसाठी मैदा १९० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, दही २५० ग्रॅम, तेल १२० मिलिलिटर, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा आणि खायचा सोडा अर्धा छोटा चमचा. ओव्हन नसलेल्या घरी कुकरच्या तळाशी मिठाचा थर पसरून, रिंग आणि शिट्टी काढून, मंद आचेवर हा केक उत्तम होतो. मात्र तो त्याच दिवशी कापू नये. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेला केक घट्ट होतो आणि दातेरी सुरीने हवा तसा कापता येतो. ताजा केक नुसता भुसभुशीत होऊन तुटतो. विजेच्या इंजिनाला मुळात एक लांबट ठोकळा पुरतो. एकाच मापाचे दोन केक जॅम लावून एकावर एक ठेवायचे, दोन्ही टोके तिरपी कापायची आणि निघालेल्या तुकड्यांचा चुरा जॅममध्ये मळून टपावरची यंत्रे करायची. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या हातांना हे काम मुळीच अवघड नाही.

वरच्या आवरणासाठी लोणी पूर्णपणे सोडून दिले. दूध पावडर आणि दळलेली साखर समान वजनाने घेऊन त्यात कन्डेन्स्ड मिल्क लागेल तसे घालत कणकेसारखा गोळा मळला, तो लाटून पातळ जॅम लावलेल्या केकवर बसवला; हे आवरण उन्हाळ्यात ओघळत नाही. येथे आमच्या हवेचा उलटा त्रासही सांगायला हवा. मुंबईच्या दमट हवेत अशा गोळ्याला पाणी सुटते आणि तो चिकट होतो, तर आमच्या कोरड्या हवेत त्याला पाहता पाहता भेगा पडतात, म्हणून तो ओल्या फडक्याखाली झाकून ठेवून तुपाचा हात लावत काम करावे लागते. हीच कोरडी हवा गुळाच्या चिक्कीला मात्र मानवते. टपावरचा पेंटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा, मी तिळाच्या चिक्कीचा केला: चिक्की गरम असतानाच बारीक पट्ट्या कापल्या, गुळाच्या पाकाने जोडल्या आणि त्या रात्री शेवटचा पाहुणा जाईपर्यंत पेंटोग्राफ ताठ उभा होता. आजोबांनी चष्मा लावून तो वाकून पाहिला आणि सांधा बरोबर आहे म्हणाले.

रंगाबाबत पुरवण्यांनी अधिक जबाबदारीने लिहावे, असे मला कळकळीने वाटते. 'गडद रंग येईपर्यंत खाण्याचा रंग घालावा' हे वाक्य लहान मुलांच्या पदार्थाच्या कृतीत असूच नये. आपल्याकडे केक आणि मिठाईत परवानगी असलेल्या कृत्रिम रंगांनाही किलोमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि बाटलीतून अंदाजाने थेंब टाकणाऱ्या आईला ती पाळता येत नाही. मी बीटाचा रस आटवून आवरणाच्या गोळ्यात मिसळला. रंग इंजिनाइतका भडक आला नाही, पण मुलाने तक्रार केली नाही. हळद मात्र सोडा घातलेल्या पिठात टाकू नये, कारण सोड्याने ती लालसर होते आणि पिवळ्या केकवर डाग दिसतात.

माझी विनंती इतकीच की, अशा कृती छापताना वजन ग्रॅममध्ये द्यावे, भांड्याचे माप द्यावे, आणि वरचे आवरण किती तापमानापर्यंत टिकते हे एका ओळीत सांगावे. उन्हाळ्यातील कृती छापण्यापूर्वी जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या एखाद्या स्वयंपाकघरात, पंखा बंद ठेवून, दुपारी तीन वाजता एकदा करून पाहिली जावी.

आपली नियमित वाचक,
भुसावळ, जि. जळगाव