टाचेच्या कातडीचं काय?

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला टाचेच्या फ्रॅक्चरवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, एखादा परिच्छेद माझ्याच नजरेतून सुटला. पण नाही, कातडीबद्दल लेखात अवाक्षरही नाही. मोठी चीर देऊन प्लेट बरी की बारीक छेदातून स्क्रू, याचा निकाल लेखकमहाशयांनी एक्स-रेवरचा बोलरचा कोन (टाचेच्या हाडाची उंची कितपत टिकली हे दाखवणारा) मोजून लावला आहे. कोन २० ते ४० अंशांत आला की जिंकलं!

माझाही २८ आला होता. शिडीवरून पडलो आणि तिसऱ्याच दिवशी, पाय भोपळ्यासारखा सुजलेला असताना, बाहेरच्या बाजूने काटकोनात चीर देऊन प्लेट बसवली. घरी सोडताना डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून कौतुकाने दाखवली. पुढे उभी आणि आडवी चीर जिथे मिळते, नेमका तोच कोपरा काळा पडला, मग उघडला. एकदा ड्रेसिंग बदलताना आत काहीतरी चकाकलं. ती प्लेट होती. तिथे कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस असं नसतंच, हे तेव्हा समजलं. नंतर दाखवलं त्या डॉक्टरांनी विचारलं, "सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत थांबला नाहीत?" त्यासाठी आठवडा-दोन आठवडे थांबतात म्हणे. मी सिगारेट ओढतो का, हेही आधी कुणी विचारलं नव्हतं. ओढत होतो.

हाडाचा फार चुरा झाला असेल तर नुसते स्क्रू पुरत नाहीत, हे मान्य. पण बारीक छेदातूनही प्लेट सरकवता येते, मग ही प्लेटवाले-स्क्रूवाले अशी कुस्ती कशासाठी? शिवाय ब्रिटनमधल्या १५१ रुग्णांच्या चाचणीत (२०१४) दोन वर्षांनंतर शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले यांच्या दुखण्यात, चालण्याफिरण्यात फरक आढळला नाही. जंतुसंसर्ग मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांत जास्त होता. टाच फारच वेडीवाकडी झालेले रुग्ण त्यात नव्हते, हे खरं. तरी एक ओळ द्यायला हरकत नव्हती. लेखकांचा अधिकार मोठा आहे, मी आपला साधा लंगडा वाचक.

आणि सोबतचा एक्स-रे घोट्याचा आहे. टाच त्याच्या खाली असते.

ता. क. परवाच्या शब्दकोड्याची उत्तरं अजून छापलेली नाहीत.

आपला,
एक जुना वाचक