हात आणि हत्यार यांच्यातले अंतर : आई-बाबांना पत्र

ऑस्टिन, टेक्सास
२७ एप्रिल २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,

साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फ्लोरिडातल्या गोळीबाराविषयी बोलता बोलता आईला रडू आवरेना, तेव्हा बाबांनी तिच्या हातून फोन घेतला आणि एवढेच म्हणाले, "तिथे सगळ्यांजवळ असते, तर तूही एक पिस्तूल घे आणि नीट चालवायला शीक." मी विषय बदलला, याचे मला आठवडाभर वाईट वाटत राहिले. बाबांनी आयुष्याची अठ्ठावीस वर्षे पलटणीत काढली आहेत. त्यांनी शस्त्राविषयी काही सांगितले, तर त्याला विचारपूर्वकच उत्तर द्यायला हवे. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तुम्ही टीव्हीवर पाहिले ते टॅलाहासीचे फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ. १७ एप्रिलला दुपारी तिथे गोळीबार झाला, दोन माणसे मेली आणि सहा जखमी झाली. २०१८ साली फ्लोरिडातल्याच पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले होते. त्या शाळेतून वाचलेली काही मुले आता याच विद्यापीठात शिकत होती, म्हणजे विशी-बाविशीतच त्यांच्यावर ही वेळ दुसऱ्यांदा आली. बातमीत आणखी एक गोष्ट होती, ती बाबांनी ऐकली की नाही कोण जाणे. ज्याच्यावर आरोप आहे तो तिथलाच वीस वर्षांचा विद्यार्थी, आणि त्याच्या हातातले पिस्तूल त्याच्या सावत्र आईचे होते. ती तिथल्या शेरीफच्या, म्हणजे जिल्हा पोलीसप्रमुखाच्या, खात्यात अधिकारी आहे. पिस्तूल पूर्वी तिचे सरकारी कामावरचे होते आणि खात्याने नवी शस्त्रे घेतल्यावर ते तिच्या खासगी मालकीचे झाले. म्हणजे ज्या बाईला शस्त्राचे रीतसर प्रशिक्षण होते, तिच्याच घरातून ते शस्त्र विद्यापीठात पोहोचले.

हे वाचताना मला बाबांची कोत, म्हणजे पलटणीची शस्त्रे ठेवायची कोठी, आठवली. मी लहान असताना तुम्ही सांगायचात, बाबा, की रायफल जवानाची असली तरी ती त्याच्या खाटेखाली राहत नाही, कोतीत राहते. सही करून घ्यायची, सही करून परत द्यायची, आणि संध्याकाळी एक जरी कमी भरली तरी पूर्ण कंपनी जागेवरून हलायची नाही. आजोबांकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक होती, तीही निवडणूक लागली की ते खांद्यावर टाकून पोलीस ठाण्यात जमा करायला निघायचे, आणि निकालानंतर पावती दाखवून परत आणायचे. त्यांना त्यात अपमान वाटल्याचे मला आठवत नाही. इथे मात्र कोणी एवढेच सुचवले, की घरातले शस्त्र कुलपात ठेवण्याची सक्ती असावी, तरी ते १७९१ सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीवरचे आक्रमण मानले जाते. शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क आहे असे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले; पण त्याच निकालात हेही म्हटले आहे, की हा हक्क अमर्याद नाही, आणि शाळांसारख्या जागी शस्त्रांवर बंदी घालणारे कायदे त्यामुळे संशयास्पद ठरत नाहीत. वादात हा दुसरा भाग फारसा ऐकू येत नाही.

आमच्या टेक्सास विद्यापीठाच्या मध्यावर जो उंच टॉवर आहे, ज्याच्यासमोरचा माझा फोटो आईने देवघराशेजारी लावला आहे, त्याची गोष्ट मी तुम्हाला मुद्दामच सांगितली नव्हती. १ ऑगस्ट १९६६ रोजी अभियांत्रिकीचा एक पंचवीस वर्षांचा विद्यार्थी, जो आधी मरीन दलात होता आणि उत्तम नेमबाज म्हणून नावाजला गेला होता, रायफलींची पेटी घेऊन त्या टॉवरच्या सज्जावर चढला आणि सुमारे दीड तास खालच्या माणसांवर गोळ्या झाडत राहिला. दहाहून अधिक माणसे मेली, तिसाहून अधिक जखमी झाली. तेव्हा विद्यापीठाकडे शस्त्रधारी पोलीस नव्हते, शहराच्या पोलिसांकडे अशा प्रसंगासाठी ना तयारी होती ना साधने, आणि शहरातले कितीतरी नागरिक घरून हरणांच्या शिकारीच्या रायफली आणून खालून टॉवरवर गोळ्या झाडू लागले.

याच प्रसंगाचा दाखला इथे शस्त्रे जवळ हवीत म्हणणारी आणि नकोत म्हणणारी अशा दोन्ही बाजू देतात, आणि दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे. खालून गोळ्या येऊ लागल्यावर त्याला कठड्याआड दडून राहावे लागले, हे खरे. पण रामिरो मार्टिनेझ आणि ह्यूस्टन मकॉय हे दोन पोलीस वर पोहोचून त्याच्यापर्यंत सरकत होते, तेव्हाही त्या गोळ्या थांबलेल्या नव्हत्या आणि आपल्याच माणसांची गोळी लागण्याचा धोका त्यांच्यावर होता, हेही तितकेच खरे. बाबा, तुम्ही काश्मीरमध्ये जे केलेत ते हुकुमाने, एकमेकांच्या जागा ठाऊक असताना आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने केलेत. मी सांख्यिकी शिकवते. चाळीस भेदरलेली मुले बाकांखाली शिरत असताना मी पिस्तूल काढून नेमक्या माणसावर नेम धरीन, अशी खात्री तुम्ही माझ्याविषयी तरी देऊ शकाल का?

टेक्सासच्या विधिमंडळाने मात्र तसा विश्वास धरला. परवानाधारकांना सरकारी विद्यापीठांच्या इमारतींत झाकलेले पिस्तूल अंगावर बाळगू देणारा कायदा १ ऑगस्ट २०१६ रोजी अमलात आला, म्हणजे टॉवरच्या घटनेला बरोबर पन्नास वर्षे झाली त्याच दिवशी. त्याच दिवशी टॉवरच्या बागेत मृतांची नावे कोरलेल्या स्मारकाचे अनावरण झाले. विद्यापीठसमूहाचे तेव्हाचे कुलपती विल्यम मॅकरेव्हन यांनी या कायद्याला उघड विरोध केला होता, आणि ते स्वतः नौदलाचे निवृत्त ॲडमिरल होते. तीन प्राध्यापिका न्यायालयात गेल्या, पण २०१८ साली त्यांचा दावा फेटाळला गेला. राइस आणि बेलरसारख्या खासगी विद्यापीठांना नकार देण्याची मुभा होती आणि त्यांनी तो दिला. आम्हाला ती मुभा नाही. आम्हाला एवढेच करता येते, की ज्याची खोली त्याच्या एकट्याची आहे त्याने येणाऱ्याला तोंडी सांगायचे, की माझ्या खोलीत शस्त्र आणू नये. दर सत्राच्या पहिल्या तासाला मी अभ्यासक्रमाच्या आधी ते वाक्य बोलते, आणि दर वेळी माझा आवाज जरा कोरडा पडतो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मी ऐकत नाही असे समजू नका. माझी एक विद्यार्थिनी रात्रपाळी करून एकटी घरी जाते. तिच्यावर एकदा हल्ला झालेला आहे आणि परवाना घेतल्यापासून तिला झोप लागते. तिच्यासमोर मला आकडे मांडता आले नाहीत, मांडावेसेही वाटले नाही.

तरीही मी पिस्तूल का घेणार नाही, ते आता सांगते. २०२२ या एका वर्षात या देशात बंदुकीने सुमारे ४८,००० माणसे मेली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक स्वतःच्या हाताने मेली. आपण टीव्हीवर पाहतो ते गोळीबार या आकड्याचा अगदी लहान भाग आहेत. २८ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच विद्यापीठात एक मुलगा रायफल घेऊन गोळ्या झाडत ग्रंथालयात शिरला. त्याने दुसऱ्या कोणालाही इजा केली नाही, स्वतःचा जीव मात्र घेतला. त्याच ग्रंथालयात मी आठवड्यातून दोनदा जाते. आई, तुला भीती वाटते की एखादा विद्यार्थी माझ्यावर गोळी झाडेल. मला त्याहून मोठी भीती वाटते ती नापास झालेल्या, घरी फोन करायची लाज वाटणाऱ्या मुलाची, ज्याच्या खोलीत टेबलाच्या खणात पिस्तूल पडलेले आहे. अशी काळी रात्र पुष्कळांच्या वाट्याला येते आणि पुष्कळांची ती सरतेही. पण हाताशी शस्त्र असेल, तर ती सरेपर्यंतचा वेळच मिळत नाही. टॉवरवर चढलेला तो माणूसही त्याच वर्षी मार्चमध्ये विद्यापीठाच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला होता आणि टॉवरवर चढून माणसांवर गोळ्या झाडण्याचे विचार मनात येतात, असे त्याने स्वतः सांगितले होते. त्या वेळी त्याच्याकडून शस्त्र काढून घेण्याचा काही मार्ग नव्हता. न्यायाधीशाच्या हुकुमाने काही काळापुरते शस्त्र काढून घेता येईल असा कायदा फ्लोरिडाने पार्कलंडनंतर केला. टेक्सासमध्ये तो आजही नाही.

आईने फाटकावरच्या तपासणीविषयी विचारले होते. विद्यापीठाला एक असे फाटकच नाही. शहराचे रस्ते त्याच्या आतून जातात आणि पन्नास हजारांहून अधिक मुले इथे शिकतात. शिवाय इथून अडीच-तीन तासांवरच्या युव्हाल्डीच्या शाळेत २०२२ साली सुमारे पावणेचारशे पोलीस जमले होते, तरी वर्गात शिरायला त्यांना ७७ मिनिटे लागली आणि १९ मुले व दोन शिक्षिका गेल्या. काही सुधारले आहे, तेही सांगते. २००७ साली व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जण मारले गेले, त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. मी तेव्हा दहावीत होते आणि ते वर्तमानपत्र आईने माझ्यापासून लपवून ठेवले होते. तिथे पहिला गोळीबार सकाळी सव्वासातला झाला आणि विद्यार्थ्यांना पहिली ईमेल गेली ९ वाजून २६ मिनिटांनी. नंतरच्या काही मिनिटांत बाकीचे तीस जण मेले. आता इशारा काही क्षणांत प्रत्येकाच्या फोनवर येतो. त्या दिवशी लिव्हियू लिब्रेस्कू नावाच्या ७६ वर्षांच्या प्राध्यापकांनी, जे नाझींच्या तावडीतून वाचलेले होते, वर्गाचे दार अंगाने रोखून धरले आणि मुलांना खिडक्यांतून उड्या मारायला लावल्या. त्यांच्यासारखे धैर्य माझ्यात आहे की नाही हे मला सांगता येणार नाही, पण माझ्या दोन्ही वर्गांची दारे आतून कुलूपबंद होतात, हे मी सोमवारी स्वतः जाऊन पाहून आले आहे.

मे महिन्याच्या मध्यावर सत्र संपेल आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मी साताऱ्याला पोहोचेन. तोपर्यंत बाबांनी एक काम करावे. कोतीतून रायफल निघाल्यापासून ती परत आत जाईपर्यंत किती सह्या लागत, कोणाकोणाच्या लागत, आणि मोजणी चुकली तर काय होत असे, हे तुमच्या हाताने वहीत लिहून ठेवा. मी त्याचे इंग्रजी करीन आणि ऑगस्टमधल्या पहिल्या तासाला, ते एक वाक्य बोलून झाले की, मुलांना वाचून दाखवीन.

तुमची लेक