दोन मनांचे गाणे दोनदा गावे

संपादक महोदय,

सांगली-मिरजेत आता घरच्या खोलीत सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची भावपूर्ण गायकी) गाणी तयार होत आहेत. गाणारा आणि संगीत जुळवणारा एकच. विषय बहुधा मनातल्या द्वंद्वाचा. तो सोलला शोभतोच, कारण गॉस्पेलमधली, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या भक्तिगीतांतली, हाक-प्रतिसादाची रीत (आपल्या भजनातल्या टाळकऱ्यांसारखी) तिथे मुळातच आहे.

पण दुसरे मन दाखवायला बरेच जण पहिल्याच ट्रॅकची (मुद्रित आवाजाची) प्रत काढून १५-२० मिलिसेकंद मागे सरकवतात. हेडफोनवर छान वाटते. एकाच स्पीकरच्या मोबाइलवर मात्र दोन्ही लहरी मिसळून एकमेकींना अंशतः खोडतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. ओळ खरोखर दुसऱ्यांदा गावी: पहिली माइकपासून १५ सेंटिमीटरवर, दुसरी हातभर लांबून, हलक्या आवाजात. मुद्रणाची पातळी मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर नको. पाठीमागे गोधड्या टांगल्या की घुमारा कमी होतो.

मिरजेचा तंबोरा घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. खर्जाच्या (सर्वांत खालच्या सुराच्या) तारेतून शुद्ध गंधार आपोआप उमटतो आणि मायनर कॉर्डमधल्या (उदास वाटणाऱ्या पाश्चात्त्य स्वरसमूहातल्या) कोमल गंधाराला भिडतो. द्वंद्वाच्या गाण्यात ही टक्कर फार सुंदर लागते, पण अंतऱ्यापुरतीच. मुखड्याला तंबोरा थांबवावा.

– ध्वनिमुद्रण करणारे काही वाचक, मिरज